गार्बिनोचा कल

गार्बिनो ही विनाशिका समुद्रात उतरली तेव्हा एर्मिनियो कास्तान्योला सत्तावीस वर्षांचा होता आणि तिच्या बुडाची प्रत्येक रेघ त्याने स्वतःच्या हाताने ओढलेली होती. गोदीतले म्हातारे सुतार म्हणायचे, की हे जहाज नव्हे, मासे सोलायची सुरी आहे. एर्मिनियोला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. सुरीच हवी होती त्याला. त्या काळी साऱ्या इटलीला वेगाचं वेड लागलं होतं आणि जो तो फ्रेंचांच्या पुढे किती मैल, याचाच हिशेब करत होता.

वेगाच्या चाचणीला निघताना गार्बिनोवर तोफा चढवलेल्या नव्हत्या. टाक्यांमध्ये जाऊन येण्यापुरतं तेल होतं. खलाशांच्या गाद्यासुद्धा धक्क्यावर उतरवून ठेवल्या होत्या. अशा रिकाम्या पोटाने ती ताशी एकोणचाळीस सागरी मैल पळाली, वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला आणि गोदीच्या मालकांना ठरलेलं बक्षीस मिळालं. लढाईच्या दिवशी ती असं पळणार नाही, हे आराखड्याच्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एर्मिनियोलाही होतं. पण वरातीत घोडा नाचला की तो नांगराला चालेल का, असं कोणी विचारत नाही.

दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीने, देलफिनाने, लग्न केलं तेही गार्बिनोवरच्याच माणसाशी. सिल्व्हेस्त्रो मुत्सिओ जहाजाच्या बॉयलरखान्याचा मुख्य होता. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा, आणि नखांतलं तेल कधीच न गेलेला. एर्मिनियोला तो ‘मेव्हणेबुवा’ म्हणायचा आणि जहाजाला ‘तुमची लेक’. रजेवर आला की जेवताना तक्रार करायचा, की तुमच्या लेकीने काल पुन्हा साऱ्यांच्या अंगावर सूप सांडवलं, जरा वळण लावायला हवं होतं लहानपणी.

युद्ध सुरू झालं आणि ही थट्टा हळूहळू कमी झाली. गार्बिनोला शत्रूच्या नौकांचा पाठलाग करायला बांधलं होतं. प्रत्यक्षात तिच्या नशिबी आलं ते त्रिपोलीला जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या तांड्याबरोबर ताशी आठ मैलांनी रखडणं आणि आकाशाकडे बघत राहणं. विमानं यायला लागली म्हणून तिच्यावर विमानविरोधी तोफा चढवल्या. पाणबुड्या यायला लागल्या म्हणून खोल पाण्यात फुटणारे बॉम्ब चढवले. मग कप्तानाचा मनोरा वाढवला, दुसरा शोधदिवा बसवला. जे काही आलं ते वरच आलं. खाली सुरी ती सुरीच.

एक्केचाळीसच्या नोव्हेंबरात ती दुरुस्तीसाठी पुन्हा आपल्या गोदीत आली. सिल्व्हेस्त्रो एर्मिनियोला म्हणाला, “ती आता वेगळी डोलते. पूर्वी कलली की झटक्यात सरळ व्हायची. आता कलते आणि तिथेच विचार करत बसते. मग मनात आलं तर परत येते.”

हे वाक्य एर्मिनियोच्या डोक्यातून जाईना. त्याने कलाची चाचणी मागून घेतली. एका शांत सकाळी, बंदराच्या आतल्या पाण्यात, दोर सैल सोडून त्याने लोखंडाच्या लाद्या डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवायला लावल्या आणि स्वतः खालच्या कोठारात ओळंब्याशेजारी उकिडवा बसला. जहाज किती कलतं हे ओळंब्याचं टोक पट्टीवर दाखवतं. ते टोक सरकायला हवं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट सरकलं. एर्मिनियोने लाद्या पुन्हा हलवायला लावल्या. तोच आकडा आला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं गणित मांडलं. टाक्या भरलेल्या असताना जहाज कसंबसं ठीक होतं. पण तेल खाली टाक्यांत असतं, त्याचं वजन जहाजाला धरून ठेवतं. तेल जळून तिसऱ्या हिश्शावर आलं, की मोठ्या लाटेत जहाज उलटण्यासारखं होतं.

कागद घेऊन तो राव्हास्कोंकडे गेला. इंजिनिअर राव्हास्को आराखडा विभागाचे प्रमुख. माणूस दुष्ट नव्हता. त्याला वरून येणाऱ्या प्रत्येक टेलिफोनची भीती वाटायची, इतकंच. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, की चाचणीच्या वेळी वारा होता का. एर्मिनियो म्हणाला, नव्हता. राव्हास्को म्हणाले, थोडा तरी असणारच. दोर ताठ असणार. जहाज गुरुवारी निघायचं आहे, वरच्या तोफा काढायला आता कोणी परवानगी देणार नाही. तेव्हा जहाजाबरोबर जाणाऱ्या स्थिरतेच्या पुस्तिकेत जुनेच आकडे राहू देत, लढाई संपली की सवडीने बघू.

“आणि तोपर्यंत?” एर्मिनियोने विचारलं.

“तोपर्यंत तिचे कप्तान आहेत की. समुद्र त्यांना कळतो.”

एर्मिनियोने पुस्तिकेवर सही केली. त्याला कोणी धमकावलं नव्हतं. पुढे अनेकदा तो स्वतःला विचारायचा, की निदान आपला हात तरी थरथरला होता का. नव्हता. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं होतं.

त्या रविवारी देलफिनाने फारिनाता केली होती. चण्याचं पीठ रेशनवर मिळेनासं झालं होतं, कुठून तरी मिळवलं होतं. जेवण झाल्यावर एर्मिनियो मेव्हण्याला मागच्या ओसरीवर घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, की तेल तिसऱ्या हिश्शावर आलं की खालच्या रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घ्या. आणि ते वादळ यायच्या आधी. वादळात भरू नका, अर्धवट भरलेली टाकी रिकामीपेक्षा वाईट.

“पुस्तिकेत तसं नाही,” सिल्व्हेस्त्रो म्हणाला.

“नाही म्हणून तर सांगतोय.”

“मग पुस्तिकेत का नाही?”

वेळ पुरला नाही, असं एर्मिनियो म्हणाला. सिल्व्हेस्त्रोने मान डोलावली आणि आत जाऊन बायकोला भांडी पुसायला मदत करू लागला. गुरुवारी गार्बिनो निघाली.

फेब्रुवारीत सिसिलीच्या दक्षिणेला वादळात ती बुडाली. शत्रूची एकही गोळी तिला लागली नव्हती. दोनशे तीस माणसांपैकी पाच वाचले. गावात पहिल्यांदा बातमी आली ती अशी, की समुद्रच असाधारण होता. लोकांनी ते मानलं. एर्मिनियोने मानलं नाही, पण तोही सगळ्यांबरोबर चर्चमध्ये उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर गुडघ्यांवर बसला.

वाचलेल्या पाचांमधला नाझारेनो हा झेंड्यांनी आणि दिव्याने इशारे देणारा खलाशी एप्रिलमध्ये देलफिनाच्या घरी आला. मध्यम वयाचा, अंकोनाकडचा. गारठ्याने पायाची बोटं गेली होती, काठी टेकत चालायचा. मेलेल्या सोबत्यांच्या घरी जाऊन तो जे पाहिलं ते सांगत हिंडत होता. एर्मिनियो त्या दिवशी तिथेच होता. देलफिनाने चिकोरीची कॉफी पुढे ठेवली आणि हात मांडीवर ठेवून समोर बसली.

नाझारेनो कप्तानाशेजारी मनोऱ्यावर होता, म्हणून त्याने सगळं ऐकलं होतं. दुपारी बॉयलरखान्यातून बोलण्याच्या नळीतून मुत्सिओंचा आवाज आला, की तेल तिसऱ्या हिश्शावर आलंय, टाक्यांत पाणी घ्यायची परवानगी द्या. कप्तानांनी गोदीची पुस्तिका मागवली, वाचली आणि नाही म्हणाले. तेल संपेपर्यंत जहाज स्थिर राहतं असं छापलेलं आहे; उगाच तेलात पाणी गेलं तर टाक्या धुवायला तीन दिवस बंदरात पडून राहावं लागेल. दोन वाजता मुत्सिओंनी पुन्हा विचारलं. तेव्हा लाटा मनोऱ्यावरून जात होत्या.

“कप्तान रागावले नाहीत,” नाझारेनो म्हणाला. “शांतपणे विचारलं, की मुत्सिओ, तुम्हाला गोदीतल्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं का? मग तुमचे यजमान म्हणाले, गोदीतल्याच माणसाने मला सांगितलंय. कप्तान म्हणाले, नाव सांगा, मी ऐकतो त्याचं.”

“मग?” देलफिनाने विचारलं.

“नाव नाही सांगितलं. दोनदा विचारलं कप्तानांनी. नाही सांगितलं.”

चार वाजता सिल्व्हेस्त्रोने कोणाला न विचारता झडपा उघडल्या. फार उशीर झाला होता. टाक्या अर्ध्या भरल्या, पाणी आतल्या आत या बाजूचं त्या बाजूला धावू लागलं, तेलात मिसळलं आणि बॉयलर विझले. यंत्रं थांबली, जहाज लाटांना आडवं झालं. एकदा कललं, तिथे थांबलं, सरळ झालं. पुन्हा कललं. नंतरचं नाझारेनोने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

देलफिना म्हणाली, की नाव का नाही सांगितलं त्यांनी? जीव जात असताना माणूस कोणाचं नाव लपवतो? नाझारेनोला ते माहीत नव्हतं. एर्मिनियो खिडकीशी उभा होता. गोदीची गुपितं घरात बोलणाऱ्याला त्या दिवसांत थेट तुरुंग होता, हे सिल्व्हेस्त्रोला पक्कं ठाऊक होतं.

“माझं नाव,” एर्मिनियो म्हणाला. “मी सांगितलं होतं त्याला. ओसरीवर.”

देलफिनाचा चेहरा क्षणभर उजळला. आपल्या भावाने प्रयत्न केला होता, असं तिला वाटलं असावं. मग तिने सावकाश विचारलं, “त्या पुस्तिकेवर सही कोणाची होती?”

“माझीच.”

ती उठली. भावाचा कोट खुंटीवरून काढून तिने टेबलावर ठेवला.

“तोंडाने तू त्याला खरं सांगितलंस आणि कागदावर खोटं लिहिलंस,” ती म्हणाली. “बुडताना कप्तानाने कागद वाचला. जा आता.”

मे महिन्यात चौकशी झाली. ऐकायला आलं ते असं, की सगळा दोष बॉयलरखान्याच्या मुख्यावर येणार. हुकूम मोडून त्याने झडपा उघडल्या, म्हणून आग विझली, म्हणून जहाज गेलं. एर्मिनियोने कलाच्या चाचणीचा मूळ कागद जपून ठेवला होता. तो घेऊन ला स्पेत्सियाच्या आरमारी तळावर गेला आणि तीन अधिकाऱ्यांच्या समोर उभा राहून, एकदाही न अडखळता, त्याने सगळं सांगितलं. सिल्व्हेस्त्रोला आपण काय सांगितलं तेही. तुरुंगाची तयारी करून, बॅगेत दोन सदरे घालूनच तो गेला होता.

त्यांनी मन लावून ऐकलं. मग मधल्या अधिकाऱ्याने मूळ कागद आणि पुस्तिका शेजारी शेजारी ठेवली.

“दोन्हींवर सही तुमचीच आहे,” तो म्हणाला. “दोघांतल्या कुठल्या कास्तान्योलावर विश्वास ठेवायचा आम्ही?”

कागद त्यांनी ठेवून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. अटकसुद्धा केली नाही. अटक केली असती तर कारण लिहावं लागलं असतं. अहवालात त्याच्या जबाबाच्या चार ओळी आल्या, त्यांत कलाच्या चाचणीचा उल्लेख नव्हता. गार्बिनोच्या सगळ्या मृतांना मरणोत्तर पदक जाहीर झालं. सिल्व्हेस्त्रो मुत्सिओ सोडून सगळ्यांना.

आणि जूनमध्ये राव्हास्कोंनी एर्मिनियोला बोलावून दार लावून घेतलं. गार्बिनोच्या घडणीच्या अजून दोन विनाशिका होत्या. वरून गुप्त आदेश आला होता, की त्यांच्या तळाशी सिमेंट आणि शिसं ओतून वजन वाढवावं, आणि तेल कमी झालं की टाक्यांत पाणी भरायचा नियम पुस्तिकेत छापावा. गणित करायला सोबत एक नक्कल आली होती. एर्मिनियोने ती ओळखली. त्याच्याच कागदाची होती; फक्त वरची तारीख आणि खालची सही कापलेली.

“या वेळी खरे आकडे घाल,” राव्हास्को म्हणाले, आणि लगेच टेबलावरच्या फायली आवरू लागले.

त्याने खरे आकडे घातले. आठ दिवस खपून, दशांशापर्यंत तपासून. दोन्ही जहाजं जड झाली, त्यांचा वेग चार-पाच मैलांनी उतरला. धक्क्यावरच्या दारूच्या दुकानात त्यांचे खलाशी शिव्या घालायचे, की कोणत्या गाढवाने आमच्या पोरीच्या पोटात दगड भरले. एर्मिनियो कोपऱ्यात बसून ऐकायचा. एकदा तो म्हणाला, “मी भरले.” ते हसले. म्हाताऱ्याला जास्त झाली, असं त्यांना वाटलं. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

पुढच्या जानेवारीत त्या दोघींतली एक तशाच वादळात सापडली. अठरा तास झोडपली गेली, एक धुरांडं चेपलं, होड्या वाहून गेल्या, दोन माणसं गेली. पण सरळ उभी बंदरात आली. खलाशी कप्तानाच्या शौर्याच्या गोष्टी सांगत होते, कोणी खलाशांच्या संत एरास्मोला मेणबत्त्या लावत होतं. एर्मिनियो धक्क्यावरून घरी निघाला तेव्हा समोरून देलफिना आली. जाळी विणायच्या कारखान्यात लागली होती ती. खांद्यावर सुतळीचं गुंडाळं होतं. नऊ महिने ती त्याला पाहून रस्ता ओलांडायची. त्या दिवशी गल्ली अरुंद होती.

काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, की गार्बिनोच्या जोडीची विनाशिका वादळातून परत आली. अडीचशे माणसं होती तिच्यावर, आणि तिच्या पुस्तिकेत या वेळी आपण खरे आकडे घातले होते. आली.

देलफिना थांबली. गुंडाळं तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“म्हणजे येत होतं तुला,” ती म्हणाली, आणि त्याच्या अंगाला अंग न लागेल अशा बेताने भिंतीच्या कडेने निघून गेली.