पुसलेला रविवार आणि खांबावरचा मी

अहो, मी बोलतोय, जरा वर बघा! खांबाला टांगलेला करडा पिंप दिसतोय ना, तसलाच मी. तुमच्याकडे मला डीपी म्हणतात. इथे कॅनडात, मॅनिटोबातल्या माझ्या गल्लीत मला कुणी काहीच म्हणायचं नाही. बंद पडलो की मात्र बरंच काही म्हणायचे.

चाळीस वर्षांपूर्वी मला चढवलं, तेव्हा आठ घरांचे दिवे, ओव्हन, फ्रीज एवढंच ओझं होतं. पुढे घरं उबदार ठेवणारी विजेची यंत्रं आली, दोन दारांत विजेच्या गाड्या आल्या. मी आपला तोच, पोटात तेल तेवढंच.

मग स्मार्ट मीटर लागले. शहरातल्या कचेरीत शेल्बी नावाची मुलगी पडद्यावर आमची तासातासाची वीज बघायची आणि कुठे मोठा ट्रान्सफॉर्मर लावायचा ते ठरवायची. तिच्या तक्त्यात माझ्यापुढे तिनं लिहिलं, 'हा अजून दहा वर्षं सहज ओढेल.' आमच्या लाइनमननं, डार्सीनं, खांबाखाली उभं राहून ते मोठ्यानं वाचलं. मी असा फुगलो की विचारू नका!

डार्सीनं मात्र तिथूनच तिला फोन लावला. "बाई, उंटावरून शेळ्या हाकू नका. गेल्या ऑक्टोबरातल्या चर्चच्या जेवणाचा रविवार बघितलात का?"

"तो काट्यासारखा वर गेलेला आकडा? मीटरचा बिघाड असणार. मी पुसला तो."

"बिघाड कसला, टर्की आहेत त्या! या एकदा जेवायलाच."

खरंच होतं त्याचं. चर्चच्या स्वयंपाकघरात ओव्हन एकच, तोही एवढासा. म्हणून दरवर्षी आठही घरं आपापल्या ओव्हनात टर्की, म्हणजे कोंबडीची थोरली बहीण, अख्खी भाजतात आणि झाकून तिकडे नेतात.

त्या रविवारी बर्फ लवकर पडला. आठ ओव्हन, आठ घरांची गरम हवा, वर दोन गाड्या. 'सहज ओढेन' म्हणत मी दात-ओठ आवळून तग धरला. दुपारी बारा वाजता फट्! माझा फ्यूज उडाला. ज्या पक्ष्यांना धड उडता येत नाही, त्यांनी मला लोळवलं.

पण थट्टा लगेच संपली. समोरच्या घरात वासिल आजोबांचं ऑक्सिजनचं यंत्र थांबलं होतं. जोडीला सिलिंडर होता, तो तासभराचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीस मिनिटांत डार्सी आला. सोबत जेवायला निघालेली शेल्बी, हातात भोपळ्याचं गोड पक्वान्न.

"फ्यूज बसवतो," डार्सी म्हणाला, "पण सगळे ओव्हन चालू राहिले तर परत उडेल."

"मग अर्धीकच्ची टर्की काय डोक्यावर ठेवू?" शेजारीण कडाडली.

शेल्बीचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे. तुमचा रविवार मीच पुसला."

वासिल आजोबांची बायको नेटी ओट्यावरून गरजली, "रडायला नंतर बस गं पोरी! पेन्सिल आहे ना? लिही. गाड्यांचे प्लग काढा. दोन-दोन घरांनी पाळीपाळीनं भाजायचं. दवाखान्यात नंबर लावतात तसं. आणि माझा ओव्हन सगळ्यात शेवटी."

शेल्बी बर्फातून दारोदार फिरली. डार्सी वर चढला. मी जीव मुठीत धरून गुणगुणायला लागलो, आणि टिकलो. यंत्र सुरू झालं. आजोबांचा पहिला प्रश्न, "आमची टर्की करपली नाही ना?"

जेवण तीन तास उशिरा झालं. सगळ्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या मला गोड लागल्या, कारण शिव्या देणाऱ्यांत आजोबाही होते.

आता माझ्या जागी दुपटीनं मोठा आलाय. मी भंगाराच्या आवारात, तेल काढलेला, पोट रिकामं. परवा शेल्बी येऊन गेली. म्हणाली, तिच्या तक्त्यात आता त्या रविवारचा वेगळा रकाना आहे.

जाता जाता एवढंच मागतो. पडद्यावर असा काटा दिसला, तर पुसण्याआधी त्या घराचं दार वाजवा. आत टर्की भाजत असेल, आणि शेजारच्या खोलीत कुणी त्याच विजेवर श्वास घेत असेल.