मैनेचा ढेकर

आमच्या सासूबाईंचं, सिंधूताईंचं, एक ठाम मत होतं: ज्या गाईला मोठा ढेकर येत नाही, तिच्या पोटात काहीतरी खोट असते. त्यामुळे आमची मैना त्यांच्या लेखी कायमची दुखणाईत. खरं तर मैना दूध भरपूर देई, निवांत रवंथ करी, लाथही नेमकी मलाच मारी. ढेकर मात्र नव्या नवरीसारखा, कुणाला ऐकू न जाणारा.

त्या वर्षी बोंडअळीनं सगळी कपाशी खाल्ली आणि आमच्या देऊळघाट गावात चाराही मिळेना. मैना गाभण होती, तरी माझ्या नवऱ्यानं, नागसेननं, तिला बाजारात न्यायचं ठरवलं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

तेवढ्यात गावात गाईंचे ढेकर मोजायला माणसं आली. हसू नका, मीही आधी हसले होते. त्यांच्यातल्या गुरांच्या डॉक्टर, नाजिश मॅडम, यांनी समजावून सांगितलं. चारा पचताना गाईच्या पोटात मिथेन वायू होतो, ढेकरातून बाहेर पडतो आणि हवा तापवतो. वायू कमी आणि दूध चांगलं अशा गाई त्यांना हव्या होत्या, त्यांच्या वासरांपासून पुढची पैदास करायची म्हणून. निवडलेल्या गाईचा चारा ते देणार होते. म्हणजे मैना घरी राहिली असती.

मॅडमनी टॉर्चएवढं यंत्र तिच्या नाकासमोर धरलं. शेजाऱ्यांच्या गाईसमोर आकडा टणाटण उड्या मारत होता. मैनेपुढे तो जेमतेम हलला. मॅडम हरखल्या, नागसेनचा चेहरा फुलला.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "मॅडम, मी इले जवसाचं तेल पाजत असतो. पोट मोकळं व्हावं म्हणून. आजबी पाजलं."

मॅडमचा हात खाली आला. तेलानं वायू दबतो, म्हणाल्या. ही मोजणी धरता येणार नाही. मैनेचा गुण तिचा की तेलाचा, कोण सांगणार?

"आई, आताच सांगाचं होतं काय तुले?" नागसेन ओरडला.

"मंग काय खोटी गाय देऊ त्यायले?"

मला सासूबाईंचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी.

"तेल बंद करा," मॅडम म्हणाल्या. "त्याचा असर उतरला की परत मोजू. तोवर विकू नका."

नागसेन कुरकुरत का होईना, थांबला. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं, गवत खुरपून आम्ही मैनेला जगवलं. तेलाची बाटली मी लपवून ठेवली, कारण सासूबाईंना राहवत नव्हतं.

मॅडम परत आल्या, तेव्हा यंत्र त्यांनी माझ्याच हातात दिलं. मैना रवंथ करत होती. मी ते तिच्या नाकासमोर धरलं. आकडा किंचित उठला आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तेलाचा थेंब पोटात नसताना!

इतकी वर्षं मी हिची धार काढली, शेण काढलं. हिच्या नाकातून निघालेलं थेट आभाळात जातं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि ही मुकी बाई त्या आभाळाला जपून श्वास सोडत होती. मी तिच्यापुढे हात जोडले.

"म्हंजे दुखणं नाई इले?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, सिंधूताई. गुण आहे तो. हिचा चारा आता आमच्याकडून. हा गुण वासरात उतरतो का, ते बघू."

सासूबाईंनी मैनेच्या गळ्यात हात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अन् म्या तुले जलमभर औषध पाजलं वो, माय!"