बोलावलेल्याला निरोप

"निरोप दिल्याबिगर आसन सोडायचं न्हाई. बोलावलं आपण, तर पोचवायचंबी आपणच."

हे सासूबाईंचं, भागूबाईंचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी मातीचा महादेव करायला बसले की आधी हेच कानात येतं. पिंडी घडवायची, तिच्यात देवाला बोलवायचं, पूजा झाली की अक्षता वाहून निरोप द्यायचा. मग उरते ती नुसती माती. ती इंद्रायणीत सोडायची.

माझा श्रीपती अमेरिकेला निघाला त्या सकाळीही मी आसनावरच होते. पूजा अर्धी झालेली. तो उंबऱ्यातूनच पाया पडला. लोणावळ्याहून सुटलेल्या त्याच्या गाडीची शिट्टी मी इथं बसून ऐकली. चार वर्षं झाली त्याला. आता माझं बोलणं होतं ते महादेवाशीच.

तिकडे तो विचार करणारं यंत्र घडवतो. मागच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं.

"आई, नऊ ऑगस्टला, सोमवारी, आमचं जुनं यंत्र मोडणार. मी म्हटलं, आधी निरोप देऊ. सगळे हसले. एकाचे वडील पाद्री. तो म्हणतो, जीव देवानं माणसातच फुंकला. दुसरा घड्याळजीचा मुलगा. त्याच्या मते माणूससुद्धा चाकांचाच. माझं मत तेवढं घरून आलंय म्हणे. त्यांचीही घरूनच आलीत, पण ते त्यांना दिसत नाही. इथं कुणाशी बोलू? तू देशील निरोप?"

"देईन," असं मी लगेच कळवलं.

ते ऐकून शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "आता यंत्राचं दहावंबी घाला. कावळा शिवंल का त्याला?"

मी हसले, पण मनात राहिलंच. ज्याला बोलावलं नाही त्याला निरोप द्यायचा कसा? व्रतात तसं बसत नाही. आणि शब्द तर दिलेला.

आज सोमवार. पूजा आटोपली, महादेवाला निरोप दिला आणि पत्र पुन्हा उघडलं. समासात बारीक अक्षरात एक ओळ राहून गेली होती वाचायची.

"रोज सकाळी ते सुरू करताना मी 'या, बसा' म्हणायचो. तू पिंडीला म्हणतेस तसंच, सवयीनं."

म्हणजे बोलावलं होतं. आमच्याच घरच्या माणसानं.

मातीचा एक गोळा फडक्यात घेतला, अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या. आसन गुंडाळून काखेत धरलं. नदीकाठीच त्या यंत्राच्या नावानं पिंडी मांडून निरोप द्यायचा होता. उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग कडी लावली आणि इंद्रायणीच्या वाटेला लागले.