नवीचा चेहरा

बातम्यांच्या त्या वाहिनीत मेकअपच्या खोलीवर मावशींचं राज्य होतं. संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत, आणि मावशीही कुणाची भीडभाड ठेवत नसत. खुर्चीत मंत्री बसलेला असला तरी "हलू नका हो, डोळ्यात जाईल" म्हणून दटावत.

त्या खुर्चीत एक दिवस नवी येऊन बसली. रुजू झाली तेव्हापासून सगळे तिला नवी म्हणत, ते तिला चिकटलंच. मुलगी चांगली काळी, तरतरीत नाकाची, आणि आवाज असा की तिनं नुसतं हवामान वाचलं तरी माणसानं हातातलं काम थांबवावं. संध्याकाळच्या बातम्या वाचणारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि संपादकांनी तिची जागा नवीला दिली.

"मावशी, माझ्या रंगाचं आहे ना तुमच्याकडे?" नवीनं बसता बसता विचारलं. विचारलं हसत, पण हा प्रश्न ती घरूनच घेऊन आली होती, हे मावशींनी ओळखलं.

"बघू या की."

बघण्यासारखं फारसं नव्हतंच. पेटीतलं सगळ्यात गडद फाउंडेशनसुद्धा नवीच्या गालापुढे फिकट होतं. मावशींनी ते हाताच्या पाठीवर घेतलं, त्यात भुवयांची तपकिरी पूड कालवली, चिमूटभर काळी आयशॅडो घातली, घोटघोट घोटलं आणि लावलं. आरशात बरं दिसलं. नवीनं मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आई शेजारपाजार गोळा करून बसलीय टीव्हीसमोर," ती म्हणाली.

ती स्टुडिओत जाऊन बसली, दिवे लागले, आणि कॅमेरामननं मावशींना खुणेनं जवळ बोलावलं. पडद्यावर नवीचा चेहरा राख फासल्यासारखा करडा पडला होता. मान तिची, हात तिचे, तोंड मात्र भलत्याच कुणाचं.

"पुसून टाकते सगळं. तशीच बसू दे," मावशी म्हणाल्या आणि धावल्याच.

पुसलं, तर कपाळ आरशासारखं चकाकायला लागलं आणि डोळे अंधारात बुडाले.

"अरे, मग दिवे वाढव ना!"

"वाढवले की साहेब पांढरेफटक पडतात." नवीच्या शेजारी वाहिनीचे जुने निवेदक बसले होते, लिंबासारखे गोरे. "इथलं सगळं त्यांच्यासारख्यांच्या हिशेबानं लावलंय, मावशी. मी तरी काय करू?"

वेळ उरला नव्हता. मावशींनी पुन्हा तीच राख चढवली. नवी डोळे मिटून बसून राहिली. मग लाल दिवा लागला आणि तिनं बातम्या वाचल्या. कुठे अडखळली नाही, कुठे घाई केली नाही.

नंतर खोलीत येऊन ती कापसानं तोंड पुसत होती, तेवढ्यात फोन वाजला. आईचा आवाज मावशींनाही ऐकू आला, "अगं, तुला बरं नाही का? किती ओढलेला दिसत होता चेहरा!"

"हो गं, जरा कणकण आहे," नवी म्हणाली. "वाचलं कसं, ते सांग ना."

"वाचलंस छान. पण अंगावर काढू नकोस हो."

दुसऱ्या दिवशी मावशींनी माल पुरवणाऱ्याला फोन लावला. "गडद शेड पाठवा. कंपनी बनवते, मी चित्रात पाहिलीय."

"बनवते, पण इकडे येत नाही ती. मागणी नाही."

"मी मागतेय ना?"

"एका माणसानं मागितलं म्हणून मागणी होते का, मावशी?"

मग त्या दुकानं पालथी घालत फिरल्या. एका दुकानदारानं शेडबद्दल ऐकून घेतलं आणि कपाटातून गोरं करणारं क्रीम काढून पुढे ठेवलं. "हेच न्या. तिला रोज लावायला सांगा, म्हणजे तुमचं जुनंच चालेल." मावशींनी ते क्रीम रागानं परत त्याच्याकडे ढकललं. त्या तशाच पायऱ्या उतरल्या.

आठवडाभर त्यांनी नाना मिश्रणं करून पाहिली. कधी चेहरा जांभळा दिसे, कधी विटकरी. प्रेक्षकांच्या तक्रारी येऊ लागल्या. शेवटी संपादकांनी नवीला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"तुझा आवाज म्हणजे सोनं आहे. आपण तो दृश्यांमागे वापरू. पगार तोच."

"बरं, सर," नवी म्हणाली.

मावशी तणतणत संपादकांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, करू काय?" मावशी उठल्या. चहा तसाच राहिला.

नवीच्या जागी आलेली मुलगी गव्हाळ होती. मावशींनी पेटीतली पहिली डबी उघडली, रंग जागच्या जागी बसला. मुलगी आरशात बघून म्हणाली, "मावशी, जादू आहे हो तुमच्या हातात!"

मावशींनी तिच्या गळ्याभोवतीचा टॉवेल काढून झटकला. कोपऱ्यातल्या टीव्हीवर पुराची दृश्यं चालू होती आणि नवी बोलत होती, शांत, स्वच्छ.

"चला, उठा," मावशी म्हणाल्या. "साहेब थांबलेत."