चाकावरचं रक्त

"उतरलं! पाप उतरलं!"

मरोळच्या माझ्या गॅरेजसमोर त्या रविवारी सकाळी शे-दीडशे माणसं जमून ओरडत होती. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मधोमध जुहूच्या एका हॉटेलवाल्याची विलायती गाडी उभी होती. तिची चाकं आपल्याकडच्यासारखी पत्र्याची नव्हती, चकचकीत अलॉयची होती. पण पुढच्या दोन्ही चाकांवर तांबूस-काळे डाग पडले होते. साबण झाला, रॉकेल झालं, डाग हलायला तयार नव्हते. नाना महाराज त्यांवर तांब्यातलं तीर्थ ओतत, ओला फडका दाबून धरत आणि डोळे मिटून मंत्र म्हणत. मंत्र संपला की नारळाच्या सोडणाने घासत. पिवळं पाणी ओघळे आणि चाक लख्ख होई.

"ही पिवळी धार बघा, लोकहो! आत्मा चालला! विज्ञानवाल्यांनो, आहे का तुमच्याकडे असला साबण?"

असला साबण होता. माझ्याच फळीवर होता. पण ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

गाडीचा ड्रायव्हर धोंडू हात जोडून उभा होता. चार महिन्यांपूर्वी सांताक्रूझला एक म्हातारी अचानक त्याच्या गाडीसमोर आली. त्याने स्वतः उचलून तिला इस्पितळात नेलं, पण ती वाचली नाही. धोंडूचा दोष नाही असं पोलिसांनी लिहून दिलं, तरी त्याच्या मनाने ते मानलं नाही. पुढे चाकांवर हे डाग दिसले. "रगात आसा तिचा," तो म्हणायचा, "ती माका सोडूची नाय." त्याचं जेवण तुटलं, अंगावरचे कपडे ढगळ झाले. नानाने डाग घालवले की आठवडाभर बरा असे. मग डाग परत येत आणि धोंडू परत नानाच्या पायाशी. हे तिसऱ्यांदा चाललं होतं.

हा नाना वर्षापूर्वीपर्यंत सीटकव्हरच्या ऑर्डरी घेत फिरायचा. एकदा म्हणाला, "दशरथ, चाकांवरचे हे डाग कसे काय काढतोस रे?" मी फुशारकीने सगळं दाखवलं, वर एक बाटली भरून दिली. महाराज झाल्यावर त्याने माझ्या गॅरेजचं पुण्यस्थान करून टाकलं. कालपर्यंत मला "ए मिस्त्री" म्हणणारे "दशरथभाऊ" म्हणू लागले. मला ते गोड लागलं, म्हणून मी गप्प बसलो. दुसरं काहीही कारण नव्हतं.

"महाराज, एक विचारू?" धोंडूची नववीतली मुलगी सुलक्षणा पुढे आली. "म्हातारी डाव्या बाजूला लागली. मग उजव्या चाकाला रक्त कसं?"

"बाळे, आत्म्याला डावं-उजवं नसतं."

"पुढचं-मागचं मात्र बरं कळतं! मागची चाकं साफ आहेत ना."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. "कलियुग!" नाना गरजला.

"गप गो!" धोंडू कळवळला. आणि तीर्थ म्हटलं की आपल्या माणसाला जे शिकवावं लागत नाही, तेच त्याने केलं. उजवा तळवा खोलगट केला, तांब्यातलं उरलेलं पाणी त्यात घेतलं आणि हात ओठांकडे नेला.

मी नानाकडे पाहिलं. नानाने माझ्याकडे पाहिलं. त्या पाण्यात काय आहे ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. नानाने मान फिरवली. इतके दिवस मीही तेच करत आलो होतो.

मी धावत जाऊन धोंडूचा हात उडवला. "पिऊ नकोस रे! ॲसिड आहे ते! मीच दिलंय त्याला!"

मी घाबरत घाबरत सांगितलं. ब्रेक दाबला की लोखंडाची बारीक पूड उडते, तापलेल्या चाकाला चिकटते आणि गंजते. पुढचे ब्रेक जास्त जोर घेतात, म्हणून डाग पुढे. फरशीवरचा गंज काढायची पांढरी पूड पाण्यात मिसळली की तो विरघळतो, पण पाच मिनिटं मुरायला हवी. मंत्र तेवढाच लांब होता. हे पोटात गेलं असतं तर धोंडूच्या मूत्रपिंडांची वाट लागली असती.

सुलक्षणाने तोच फडका शटरच्या गंजक्या कुलपावर दाबून धरला. पाच मिनिटं तिने तो हलवला नाही. मग तिने सोडणाने घासलं. पिवळी धार ओघळली, कुलूप उजळलं.

"महाराज," ती म्हणाली, "या कुलपाने कोणाला मारलं?"

नाना तांब्या तिथेच टाकून निघाला. त्याला कोणी अडवलं नाही.

धोंडू चाकाशी बसला होता. "मगे ती म्हातारी माका कायच सांगत नव्हती?"

"नाही रे. हा डाग ब्रेक दाबणाऱ्याच्याच चाकावर पडतो. त्या दिवशीही तिला वाचवायला तू ब्रेक दाबला होतास, धोंडू."

तो हमसून हमसून रडला. डाग पहिल्यांदा दिसले तेव्हाच हे एक वाक्य मी बोललो असतो, तर त्याचे इतके दिवस वाचले असते.

लोकहो, चमत्कार दिसला की आधी विचारा, मागचं चाक साफ का? आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये. नाना एकटा महाराज झाला नव्हता. त्याला मी केलं होतं.