कवठीचा वास

आमच्या गावच्या नाल्यावर सिंदीची अकरा झाडं होती आणि अकराही झाडांच्या सिंदीची, म्हणजे त्यांच्यातून उतरवलेल्या रसाची, चव वेगळी होती. हे मी बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतल्या सोबत्यांना सांगितलं की ते हसायचे, आणि खरं सांगायचं तर मीही हसायचो. गाव नार्नूरच्या अलीकडे दोन कोसांवर. झाडांना नावं होती. साखरी, ताकाची, वाकडी, म्हातारी, आणि आमच्या बाबांची कवठी. कवठीच्या सिंदीला पिकल्या कवठाचा वास येतो असं बाबा म्हणायचे. मला तो वास कधी आल्याचं आठवत नाही. मी कायम घाईत. गावात आलो की बेल्लमपल्लीची बस डोक्यात, बेल्लमपल्लीत असलो की गाव डोक्यात.

सिंदी काढायचा पोशन्ना गौड. तेलुगू माणूस, पण आमच्या गावात राहून राहून आमच्यासारखाच बोलायला लागलेला. त्याचा एक दंडक होता. कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तो हंगामाची पहिली सिंदी उतरवायचा आणि मडकी नाल्यावर ओळीनं मांडायचा, कुठलं मडकं कुठल्या झाडाचं ते न सांगता. ज्यानं त्यानं पळसाच्या द्रोणातून चाखायचं आणि आपलं झाड ओळखायचं. ओळखलं की ते झाड हंगामभर त्याचं, रोज सकाळी त्याचं मडकं त्याच्या दारात. एकाला एकच झाड आणि एकदाच सांगायचं. जे झाड कोणीच ओळखलं नाही त्यावर पोशन्ना त्या वर्षी चढत नसे.

"ज्याले कोनी वळखत नाही त्याच्यासाठी मी कंबर काऊन मोडू?" असं तो म्हणायचा. पण तशी वेळच येत नसे. बाबांनी वीस वर्षांत एकदाही कवठी चुकवली नव्हती.

या सगळ्याची वाट मी लावली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं नव्हतं. शहाऐंशीच्या संक्रांतीला मी गावी येताना एका झाडाच्या सालीची पुडी आणली. बेल्लमपल्लीच्या दुकानांत तीच साल घातलेली कडू सिंदी मिळायची. पाळी संपवून वर आलं की घशात कोळशाची धूळ बसलेली असते. गोड, आंबट काही लागत नाही. कडू मात्र लागते, थेट कानामागे जाऊन लागते. साल कुठल्या झाडाची ते दुकानदार सांगत नसत, पण पुडी द्यायचे. मी आणि माझा शाळासोबती मोतीराम, आम्ही दोघांनी ती पोशन्नाच्या एका मडक्यात टाकली आणि गावच्या पोरांना पाजली. पोरं खूश. नुसती सिंदी म्हणजे म्हाताऱ्यांचं पाणी, असं आठवडाभरात सगळे बोलायला लागले.

दुसऱ्या वर्षी पोशन्ना स्वतःच साल मागवू लागला. नव्वद सालापर्यंत अकरापैकी सहा झाडांची सिंदी कडू व्हायला लागली होती. एकदा कडू केली की वाकडी काय आणि म्हातारी काय, सगळी सारखीच, म्हणून तो सहाही झाडांची एकाच हंड्यात ओतायचा. मग त्याच्या लक्षात आलं की हंडाच भरायचा तर सहा झाडं चढायची गरज नाही, जास्त रस देणारी तीन पुरतात. बाकीची तीन त्यानं सोडून दिली.

यावरून माझं नागोराव मोठेबाबांशी वाजलं. ते बाबांचे थोरले चुलतभाऊ, साखरीवाले. नाल्यावर बसून मला सुनवायला लागले.

"तुया एका पुडीनं तीन झाडं गेले, दौलत."

"झाडं उभे हायेत ना, मोठेबाबा. कुठी गेले?" मी म्हणालो. "तुमाले गोड पायजे, तुमी गोड प्या. कोन आडवलं तुमाले?"

"आडवत कोनी नाही रे. पन पोशन्ना एकच हाये अन त्याची सकाळ बी एकच हाये."

मी चिडलो. लोकांना जे आवडतं ते लोक पितात, यात माझा काय गुन्हा, असं काहीतरी बोललो आणि उठून आलो. बाबा तिथेच होते. ते कवठीचा द्रोण हातात घेऊन घोट घोट पीत बसले होते. त्यांनी मला एका शब्दानंही कधी टोकलं नाही, आणि तेच मला आज जास्त लागतं.

त्यांच्या कवठीशी माझा संबंध एवढाच, की थंडीत माय ज्वारीची धिरडी करायची आणि डब्यात भरून माझ्याबरोबर बेल्लमपल्लीला द्यायची. पावसाळ्यात, उन्हाळ्यात भाकरीच. धिरडी फक्त थंडीत. काऊन, ते मी कधी विचारलं नाही. क्वार्टरमधले सोबती डब्यावर तुटून पडायचे, तुझी माय यात काय घालते म्हणून विचारायचे. ज्वारी, दुसरं काय, असं मी सांगायचो.

एक्क्याण्णवच्या चैत्रात बाबा गेले. कार्तिकात मी चार दिवसांची रजा काढून आलो. पुनवेच्या संध्याकाळी मायनं, रेणुकाबाईनं, मला जवळ बसवलं. ती फारसं काही मागणारी बाई नाही.

"उद्या नाल्यावर जाशीन ना, बाबू?"

"जाईन ना."

"कवठी राख. यंदा तुले नाही वळखता आली तं पोशन्ना चढनार नाही तिच्यावर."

"माय, बाबाचं झाड हाये. मी नाही वळखीन तं कोन वळखीन?"

बोलून गेलो खरा, पण रात्रभर कूस बदलत राहिलो. बाबांच्या हातचा द्रोण मी किती वेळा प्यालो होतो? दहा वेळा? वीस वेळा? चव आठवायचा प्रयत्न केला की जिभेवर कडूच यायची. त्यातून येताना उटनूरला बस बदलायला थांबलो होतो तेव्हा सवयीनं दोन गिलास कडू मारली होती.

सकाळी नाल्यावर पाचच मडकी मांडलेली होती. पाच म्हातारे यायचे तिथे आता चार, आणि पाचवा मी. पोरं पलीकडे कडूच्या हंड्यापाशी उभी होती, मोतीराम त्यांच्यातच. मोठेबाबांनी पहिल्याच घोटाला साखरी धरली. बाकीच्यांनीही फार वेळ घेतला नाही, पण रिवाजाप्रमाणे मडकी सगळ्यांचं होईपर्यंत जागची हलवायची नसतात आणि ज्यानं त्यानं पोशन्नाच्या कानातच सांगायचं असतं. त्यामुळे कोणतं उरलं हे मला कळायला मार्ग नव्हता.

माझी पाळी आली. पहिला द्रोण घेतला. दुसरा घेतला. पाचही घेतले. पाचही मला सारखेच लागले. गार, पांढरं, थोडं गुळचट पाणी. परत पहिल्यापासून सुरुवात केली. नाकानं हुंगायला गेलो तर पोरांमधून कोणीतरी हसलं. माझे कान तापले. मागे सगळे थांबलेले, पोशन्ना कमरेचा दोर सोडून शांत उभा. मला उभंच राहवेना. वाटलं, काहीतरी सांगून मोकळं व्हावं.

मी पोशन्नाच्या कानात म्हणालो, "तिसरं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिसरं ताकाची हाये, दौलत."

"मंग शेवटचं."

"एकदाच सांगाचं असते."

मोठेबाबा पुढे झाले. "अरे पोशन्ना, मानिकरावचं पोरगं हाये ते. देऊन टाक ना त्याले कवठी."

"वळखीचं झाड हाये, वारशाचं नाही," पोशन्ना म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मानिकराव असते तं त्यायनं बी हेच म्हटलं असतं."

त्यानं शेवटचं मडकं उचललं, तेच कवठीचं होतं, आणि पलीकडे जाऊन कडूच्या हंड्यात ओतलं. मोतीरामनं मला हाक मारली, गिलास पुढे केला. मी घेतला. घटाघटा प्यालो. ती मात्र व्यवस्थित लागली, थेट कानामागे.

घरी आलो तर माय दारातच होती. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. रजेचे दोन दिवस बाकी असताना मी बॅग उचलली आणि बेल्लमपल्लीला परत आलो. तिथे आल्यावर पुन्हा तगमग. पाळीवर मन लागेना. झाडच ते, बाबा गेले तर झाडानं काय होतं, असं स्वतःला समजावत होतो आणि समजूत पटत नव्हती.

संक्रांतीला गेलो. थंडी चांगली पडली होती. मायनं पाटावर बसवून ताट वाढलं, ताटात ज्वारीची धिरडी. मी तुकडा तोडला, ठेच्याला लावला, तोंडात टाकला आणि थांबलो. पुन्हा एक तुकडा खाल्ला, ठेच्याशिवाय. धिरडी मऊ होती, जाळीही पडली होती. पण ती आमची धिरडी नव्हती. काहीतरी गेलं होतं. काय गेलं ते मला त्याच क्षणी कळलं. लहानपणापासून दर थंडीत खाल्लेला, डब्याचं झाकण उघडलं की क्वार्टरभर पसरणारा तो वास. पिकल्या कवठाचा.

"माय, यात काय टाकलं?"

"खायाचा सोडा."

"अन आधी?"

"मडक्यातली उरलेली सिंदी टाकत जाओ मी पिठात, राती. तुया बाबाच्या कवठीची." ती तव्यावरचं धिरडं उलटत होती. "दुसऱ्या झाडाच्यानं फुगते, पन तो वास नाही येत. मी करून पायलं हाये."

म्हणजे मी ती चव जन्मभर ओळखत होतो. मला जर कोणी द्रोणाऐवजी धिरडं दिलं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं.

"तुले आली असती वळखता, माय? नाल्यावर?"

"लांबूनच. मडकं दारात आलं की वळखो मी, तोंडाचं फडकं नाही काढलं तरी."

"मंग तू काऊन नाही आली?"

"मले कोनी इचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. पोशन्नाच्या दंडकात बायांनी यायचं नाही असं कुठेच नव्हतं. आम्ही त्यांना कधी नेलंच नव्हतं. मला एकदम उठून पोशन्नाकडे पळत जावंसं वाटलं. पण हंगाम अर्धा सरला होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

"पुढच्या कार्तिकाले तू चाल," मी म्हणालो. "मी नेतो तुले. तू सांग कवठी कोनती ते. तुया नावावर राहीन झाड."

मायनं तव्यावरचं धिरडं माझ्या ताटात टाकलं. हात पदराला पुसले. चुलीतलं लाकूड आत सारलं.

"येईन," ती म्हणाली. "पन तवापर्यंत मले तो वास याद राह्यला पायजे ना, बाबू."