बसून घेतलेलं माप

मृत्युंजयअण्णांनी तरुणपणी बारा वर्षं सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची भली उंच लाकडी काठी पेलली होती. तेव्हापासून चांगलं लाकूड म्हणजे उंच आणि जड, एवढंच त्यांना ठाऊक. साठी उलटली, नवी पेठेतलं कापडाचं दुकान लेकाकडं गेलं, आणि अण्णांनी जेऊरला उजनी धरणाच्या पाण्यात फिरायला एक जुनी होडी घेतली. होडी छोटी, दोन माणसांची. वल्ही मात्र नव्हती. तयार वल्ह्यांचे भाव ऐकून अण्णा काठावरच बुडायला आले, म्हणून आज ते ईरप्पा सुताराकडं आले होते. सोबत बायको नीलम्मा. त्या आल्या होत्या येताना भाजी घ्यायची म्हणून.

होडीत येशील का, एवढं नीलम्मांना विचारायला अण्णांना पंधरा दिवस धीर झाला नव्हता. बाई पाण्याला भिणारी. ती नाही म्हणाली, तर दोघांच्या होडीत एकट्यानं बसायचं, हे त्यांना सोसवणार नव्हतं.

"बाभळीचं कर," अण्णा छाती काढून म्हणाले. "आन् माझ्या डोक्याला लागंल एवढं उंच."

"मालक, बाभूळ लई जड. धा मिनटांत खांदं भरून येतील," ईरप्पा म्हणाला. "देवदाराचं करतो. हलकं, आन् सागवानाच्या निम्म्यात."

"फळांच्या खोक्याचं लाकूड? नंदीध्वज पेललाय आमी!"

"पेललाय की," नीलम्मा म्हणाल्या. "पण तवा तुमी तिशीत होता, आन् उभं होता. अवो, होडीत काय उभं राहून वल्हवणार हाय?"

ईरप्पानं हसू लपवायला रंधा उगाचच पुसायला घेतला.

नीलम्मांनी जन्मभर ब्लाऊज शिवले होते. माप त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी अण्णांना स्टुलावर बसवलं आणि बैठकीपासून नाकापर्यंत टेप धरली. "तीस इंच दांडा. त्याखाली पाण्यात बुडायचं पातं. देवदाराचंच करा."

अण्णांची बारा वर्षांची कमाई तीस इंचांत आटोपली होती.

"एक करू का दोन?" ईरप्पानं विचारलं.

अण्णांनी छताकडं पाहिलं. "कर... एकच कर."

"उठा," नीलम्मा म्हणाल्या. पदर खोचून त्या स्वतःच स्टुलावर बसल्या आणि टेप नवऱ्याच्या हातात दिली. "घ्या माप. दुकानात कापड वढून मोजायचा, तसं मोजू नका."

अण्णांनी टेप उलगडली. "तुला पाण्याची भीती वाटती न्हवं?"

"वाटती की! म्हणून तर वल्हं माझ्या हातात पायजे. तुमच्या एकट्याच्या भरवशावर कोण बसंल?"

अण्णांनी माप दोनदा घेतलं. पहिल्यांदा त्यांना टेपवरचे आकडेच नीट दिसले नव्हते.